तेल, गॅस, पाणी एकत्र असलेली बिल्डअप टेस्ट: कोणती पद्धत धरायची?

बिल्डअप टेस्ट म्हणजे चालू विहीर बंद करून दाब कसा चढतो ते मोजणं. विहीर बंद केली, दाब नोंदवणारं गेज वर काढलं, हॉर्नर प्लॉटवर (वेळेच्या गुणोत्तराच्या लॉगसमोर दाबाचा आलेख) सरळ रेषाही मिळाली. पण तेलासोबत गॅस आणि पाणीही येत असेल, तर त्या रेषेचा उतार कोणत्या सूत्रात घालायचा?

सर्वांत सोपी पद्धत पेरिनची, 1956 सालची. मार्टिनने 1959 मध्ये तिला सैद्धांतिक आधार दिला. तेल, गॅस, पाणी या तिन्ही फेजच्या मोबिलिटीची (पर्मिएबिलिटी, म्हणजे खडकाची प्रवाह जाऊ देण्याची क्षमता, भागिले व्हिस्कॉसिटी) बेरीज घ्यायची, कॉम्प्रेसिबिलिटीही (दाबाने आकारमान किती घटतं) एकूण धरायची, बाकी गणित एका फेजसारखंच. समजा, तेल रोज 300 बॅरल, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (थरातल्या तेलाचं आकारमान भागिले पृष्ठभागावरचं) 1.3, व्हिस्कॉसिटी 0.8 सेंटीपॉइज, थराची जाडी 20 फूट आणि उतार दर लॉग सायकलला 40 पीएसआय. मग (162.6 हा या एककांसाठीचा स्थिरांक) 162.6 × 300 × 1.3 × 0.8 ÷ (40 × 20), म्हणजे तेलाची इफेक्टिव्ह (इतर फेज सोबत असताना तेलापुरती) पर्मिएबिलिटी सुमारे 63 मिलिडार्सी. रिलेटिव्ह पर्मिएबिलिटीचे कर्व्ह (सॅच्युरेशननुसार प्रत्येक फेजची पर्मिएबिलिटी कशी बदलते ते दाखवणारे) लागलेच नाहीत! मेख एवढीच की सॅच्युरेशन (खडकाच्या छिद्रांत प्रत्येक फेजचा वाटा) सगळीकडे जवळपास सारखं आहे, असं यात गृहीत आहे. दाब बबल पॉइंटखाली (ज्या दाबाखाली तेलात विरघळलेला गॅस सुटू लागतो) गेला की विहिरीलगत गॅस सुटतो आणि हे गृहीतक डळमळतं. गॅस वाढेल तशी पर्मिएबिलिटी खऱ्यापेक्षा कमी दिसते, स्किनवरही (विहिरीलगतचा थर किती बिघडलाय याचं माप) भरवसा उरत नाही.

राघवनची 1976 ची स्यूडो-प्रेशर पद्धत (दाबाऐवजी त्यातून काढलेली, मोबिलिटीतला बदल सामावणारी राशी वापरणारी) हा दोष बऱ्याच अंशी काढते. बंद करतानाच्या गॅस-ऑइल रेशोवरून दाब आणि सॅच्युरेशनची सांगड घालायची. मग थेट अॅब्सोल्यूट (खडकाची मूळ) पर्मिएबिलिटी मिळते. मात्र कर्व्ह त्याच थराच्या कोअरवरचे (काढलेल्या खडकाच्या नमुन्यावर मोजलेले) हवेत. दुसऱ्या फील्डचे उसने कर्व्ह वापरून दशांशापर्यंत उत्तर काढण्यापेक्षा पेरिन परवडला.

कर्व्ह नाहीत आणि गॅस भरपूर, अशा वेळी अल-खलिफा, अझीझ आणि हॉर्न यांची 1987 ची दाबाच्या वर्गाची (p²) पद्धत बघावी. तेलाची मोबिलिटी भागिले फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर हे दाबाच्या प्रमाणात बदलतं, असं ती मानते. सोल्यूशन-गॅस ड्राइव्हमध्ये (तेलातून सुटणाऱ्या गॅसच्या जोरावर उत्पादन होतं तिथे) हे बरंच जमतं. बबल पॉइंटच्या वर नाही.

माझं मत: बबल पॉइंटच्या वर फक्त तेल-पाणी असेल तर पेरिन, डोळे झाकून. खाली असाल आणि स्वतःचे कर्व्ह असतील तर स्यूडो-प्रेशर, नसतील तर दाबाचा वर्ग.

यातलं काहीही करण्याआधी सुरुवातीचा डेटा नीट बघा. दाब चढून मग थोडा खाली उतरला असेल, तर तो ट्यूबिंगमध्ये (विहिरीतल्या उत्पादन नळीत) वर जाणाऱ्या गॅसचा उंचवटा आहे, रिझर्व्हॉयरचा नाही. तिथून रेषा ओढली तर तिन्ही पद्धती सारख्याच चुकतील. पुढच्या टेस्टला व्हॉल्व्ह खाली, डाउनहोल (विहिरीच्या तळाशी) बंद करायला सांगा.