सुपर बोलचा अंदाज: चार मोफत साधनं आणि त्यांच्यावर किती विसंबावं

एफसी गोवाने 2019-20 च्या आयएसएलमध्ये (आपल्या फुटबॉल लीगमध्ये) साखळीत पहिला क्रमांक पटकावून लीग विनर्स शील्ड घेतली आणि उपान्त्य फेरीत चेन्नईयिनकडून दोन सामन्यांत मिळून 5-6 अशी हार खाल्ली. तो हंगाम ज्यांनी पाहिलाय त्यांना गुणतक्ता आणि करंडक यांतलं अंतर वेगळं समजावायला नको. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये (तिचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल), हे अंतर आणखी मोठं, कारण तिथे परतीचा सामनाच नसतो. एक हार, की संघ घरी.

आधी रचना. 32 संघ, एएफसी आणि एनएफसी या दोन कॉन्फरन्स, 18 आठवड्यांत प्रत्येकाचे 17 सामने. दोन्हीकडून सात-सात संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात, पण पहिल्या फेरीत सुटी मिळते ती फक्त पहिल्या मानांकनाला. म्हणजे त्याला करंडकासाठी तीन सामने जिंकायचे, बाकी सगळ्यांना चार. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 65 टक्के धरली (चांगल्या संघासाठीसुद्धा हा हात सैल सोडून केलेला हिशोब आहे) तर तीन सामन्यांचे 27 टक्के होतात आणि चारांचे 18. त्यामुळे प्लेऑफ सुरू होण्याआधी कुणी एखाद्या संघाला 45 टक्के देत असेल तर ते पान खुशाल बंद करावं. 2020 ते 2024 या पाच हंगामांतल्या विजेत्यांची मानांकनं क्रमाने अशी होती: 5, 4, 1, 3, 2.

चारांतलं सगळ्यांत कामाचं साधन म्हणजे प्रो फुटबॉल रेफरन्स. दिसायला रूक्ष, पण आत सगळा माल आहे. हंगामाच्या पानावरचा गुणतक्ता उघडायचा आणि जय-पराजयाचे रकाने ओलांडून पीएफ (केलेले गुण), पीए (दिलेले गुण) आणि एसआरएस इथे यायचं. एसआरएस म्हणजे सरासरी गुणफरकात प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीची भर किंवा वजावट. दुबळ्या संघांना झोडपून फुगलेला फरक इथे उघडा पडतो. नंतर एक छोटं गणित करायचं: केलेल्या आणि दिलेल्या गुणांचे 2.37 वे घात काढा, पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा आणि 17 ने गुणा. फोन आडवा केला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये घाताचं बटण दिसतं. तेवढाही कंटाळा असेल तर संघाच्या पानावर हा अपेक्षित जय-पराजय तयारच छापलेला असतो.

2024 च्या हंगामावर हे लावून पाहा. कॅन्सस सिटी चीफ्स 15-2 (15 जय, 2 पराजय), पण गुण 385 विरुद्ध 326, म्हणजे फरक अवघा 59. सूत्राप्रमाणे हा दहा विजयांचा संघ. फिलाडेल्फिया ईगल्स 14-3, गुण 463 विरुद्ध 303, अपेक्षित विजय साडेबाराच्या आसपास. तक्त्यात चीफ्स वर, मुद्देमालात ईगल्स वर. सुपर बोलमध्ये ईगल्स 40-22 ने जिंकले. याहून ठळक उदाहरण 2022 च्या मिनेसोटा व्हायकिंग्जचं: 13 विजय, तरी गुणफरक उणे 3. एका स्कोअरच्या (फार तर आठ गुणांच्या) आत संपलेले अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले होते. असं नशीब पुढच्या महिन्यात सोबत येत नाही. पहिल्याच फेरीत, घरच्या मैदानावर, न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांना 31-24 ने घरी बसवलं.

एक फसगत मात्र टाळायला हवी. मानांकन पक्कं झालेले संघ अठराव्या आठवड्यात मुख्य खेळाडूंना बसवतात. चीफ्सचा तो सामना डेन्व्हरकडून 0-38 असा गेला. तो वगळला तर 16 सामन्यांत फरक 97 होतो आणि अपेक्षित विजय साडेदहाच्या किंचित वर. तरीही 15 नाहीतच, पण चित्र पहिल्याइतकं वाईट राहत नाही. ही वजाबाकी साइट करून देत नाही, हातानेच करायची.

दुसरं साधन आरबीएसडीएम डॉट कॉम. इथे प्रत्येक चालीचं ईपीए मिळतं, म्हणजे त्या चालीने अपेक्षित गुणांत किती भर पडली किंवा घट झाली. याची खरी किंमत गाळण्यांत आहे. आठवडे निवडता येतात आणि विन प्रॉबॅबिलिटीची (त्या क्षणी जिंकण्याच्या शक्यतेची) मर्यादाही घालता येते. ती 10 ते 90 टक्के ठेवली की सामना हातचा गेल्यावर जमवलेले शोभेचे यार्ड गळून जातात. 2024 मध्ये ईगल्स 2-2 वरून हंगामातल्या आठवड्याच्या सुटीला गेले आणि परतल्यावर साखळीत 12-1 खेळले. पूर्ण हंगामाच्या सरासरीत हा बदल दबतो, सहाव्या आठवड्यापासूनचा तक्ता काढला की वर येतो. फक्त शेवटचे तीन आठवडे काढून निष्कर्ष काढू नका, निदान सात-आठ सामने हवेत. आणि चेंडू हिसकावण्याच्या आकड्यांनी भुलून जाऊ नका: सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागतो हे जवळजवळ नाणेफेकीसारखंच असतं.

ईएसपीएनकडे दोन गोष्टी आहेत. प्लेऑफ मशीनमध्ये उरलेल्या सामन्यांचे विजेते आपण निवडायचे, मानांकनं ते लावून देतं. बरोबरी सोडवण्याचे नियम किचकट असल्यामुळे हे खरंच उपयोगी. वाइल्डकार्डसाठी (गटविजेते नसलेल्यांच्या प्लेऑफमधल्या जागांसाठी) समोरासमोरचा निकाल लागू होत नसेल तर कॉन्फरन्समधली कामगिरी पाहतात, म्हणून एएफसीच्या संघाला एनएफसीविरुद्धची हार त्यातल्या त्यात स्वस्त पडते. मात्र हे यंत्र शक्यता सांगत नाही, फक्त परिणाम दाखवतं. शक्यतांसाठी एफपीआय, म्हणजे ईएसपीएनचा संघांच्या ताकदीचा निर्देशांक. त्यात करंडकाचे टक्के असतात आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कोण याचा हिशोबही धरलेला असतो. 12.4 आणि 11.8 यांत फरक शोधत बसू नये. पाच-पाच टक्क्यांचे गठ्ठे पाडून वाचावं.

सट्टाबाजारातले भावही काहीजण पाहतात. +400 म्हणजे 100 लावून 400 नफा, म्हणून 500 मध्ये 100, अर्थात 20 टक्के. -150 म्हणजे 150 लावून 100 नफा, म्हणून 250 मध्ये 150, अर्थात 60. सगळ्या संघांची बेरीज शंभरच्या बरीच वर जाते, कारण त्यात दुकानदाराचा नफा असतो. म्हणून प्रत्येक आकड्याला त्या बेरजेने भागायचं. गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी असली तरी पैशांचे ऑनलाइन खेळ 2025 च्या कायद्याने देशभर बंद केलेत, तेव्हा भाव वाचायचे ते अंदाजापुरतेच.

चौथं साधन सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित: एनएफएलच्या अधिकृत साइटवरचं दुखापतींचं पान. डेट्रॉइट लायन्स 2024 मध्ये 15-2 होते, गुणफरक 222, सूत्राने 13 विजय, सगळं खणखणीत. पण बचावफळीतला एडन हचिन्सन ऑक्टोबरमध्येच पाय मोडून गेला होता आणि त्याच्यामागे आणखी बरेच. हंगामाच्या बेरजेत ही पडझड दिसत नाही. जानेवारीत वॉशिंग्टनने त्यांच्यावर 45 गुण चढवले. अर्थात लायन्सनी स्वतः पाच वेळा चेंडू गमावला, तेव्हा सगळा दोष बचावाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल.

पान वाचताना सरावाचे शेरे आठवडाभर पाहायचे: पूर्ण, मर्यादित, सहभाग नाही. बुधवारी ‘सहभाग नाही’ म्हणजे अनेकदा ज्येष्ठ खेळाडूची ठरलेली विश्रांती असते. शुक्रवारी तोच शेरा असेल तर काळजीचं. रविवारच्या सामन्याची अंतिम स्थिती अमेरिकेतल्या शुक्रवारी दुपारी लागते, म्हणजे आपल्याकडे शनिवार उजाडण्याच्या आधी. ‘क्वेश्चनेबल’ लिहिलेले बरेचजण खेळतात, ‘डाउटफुल’ जवळजवळ कुणीच नाही. न खेळणाऱ्यांची पक्की यादी सामन्याच्या 90 मिनिटं आधी येते. जानेवारीत न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, त्यामुळे तिथल्या रात्री सव्वाआठचा सामना इथे पावणेसातला सुरू होतो आणि यादी सव्वापाचला, गोव्यात पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजायच्या सुमारास.

ती आली की सामन्याच्या अंदाजी गुणफरकात शेवटची दुरुस्ती करायची. घरच्या मैदानाचे दीड-दोन गुण द्यावेत. अव्वल क्वार्टरबॅक बाहेर असेल तर पाच-सहा गुण काढावेत, लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला संरक्षण देणारा) बाहेर असेल तर फार तर एक. रिसीव्हरसाठी (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यासाठी) त्याहून जास्त काढू नये, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.