छोट्यांचा जर्मन क्लास, विश्रामबाग सांगली: वर्षभर पोराला पाठवून झाल्यावर

सहा-सात जणींनी पर्सनलवर विचारलं की पोराला जर्मन कुठं लावलंस, कसं आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लासचं नाव टाकत नाहीये, कारण पुढं तक्रारी पण लिहिणारे आणि तसंही बॅच फुल आहे, ताईच म्हणाल्या आता नवीन पोरं नकोत. विश्रामबागला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चालतो एवढं पुरे. शनिवार-रविवार दीड तास, तीन महिन्याला 3600, पोरं 14. आमचं ध्यान तिसरीत, मराठी माध्यम.

खरं सांगू का, मला लावायचाच नव्हता. 2024 ला आपल्या सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी इथली माणसं कामाला पाठवायचा करार केला, तेव्हापासून इकडं ज्याच्या त्याच्या तोंडी जर्मन. ओळखीतली नर्सिंगवाली पोरगी शिकतेय, शेजारचा आयटीआयवाला शिकतोय, ते ठीक आहे, त्यांना जायचंय, पण आठ वर्षाच्या पोराला कशाला? पहिलीपासून हिंदी नको म्हणून 2025 ला आपणच तावातावानं भांडत होतो आणि आता खिशातले पैसे घालून जर्मन, असं मी नवऱ्याला बोलले पण. तो म्हणाला महिनाभर बघू, नाही जमलं तर कराटे आहेच.

पहिल्या दिवशी मी आणि सासूबाई जिन्यात बसून आतलं ऐकत होतो. वही नाही, पुस्तक नाही, फळ्याला तर हात पण लावला नाही. तीन भिंतींवर तीन कार्डशीट, निळा लाल हिरवा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाआधी डेर, डी नाहीतर दास असतं, म्हणजे आपलं तो, ती, ते. ताई पिशवीतनं एक वस्तू काढणार, नाव घेणार आणि पोरांनी पळत जाऊन बरोबर भिंतीला हात लावायचा. चमचा निघाला, डेर ल्योफेल, निळी भिंत. काटा म्हणजे डी गाबेल, लाल. सुरी दास मेसर, हिरवी. आता आपल्याकडं काटा तो आणि सुरी ती, तिकडं तिसरंच, त्यामुळं पाठ केल्याशिवाय इलाज नाही, पण पळून पळून जे डोक्यात बसतं ते निघत नाही हे मी घरी बघितलंय. फ्रीजला निळी चिठ्ठी, घड्याळाला लाल, पलंगाला हिरवी, सगळं घर रंगपंचमी करून ठेवलंय.

दास ऐकल्या ऐकल्या एक कार्टं "डास!" म्हणून ओरडलं आणि सगळी लोळायला लागली. दुसरी कुणी असती तर गप्प बसा म्हणाली असती, ताईंनी स्केचपेन घेतलं आणि हिरव्या कागदावर एक मोठ्ठा डास काढला. तो अजून तिथंच आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, डासाला जर्मनमध्ये काय लागतं? झाडून सगळी हिरव्या भिंतीकडं पळाली. निघालं डी म्यूके. लाल! असला गलका झाला की खालच्या मजल्यावरचे काका वर आले बघायला.

मुलगी पण हिरव्या भिंतीवर, दास मेडशेन, त्यावरनं तर पोरींनी बंडच केलं, आम्ही काय वस्तू आहे का म्हणून. ताई म्हणाल्या आपण लेकरू ते, पोरगं ते म्हणतोच की, तसंच त्यांच्याकडं शेवटी शेन लागलं की वस्तू लहानशी लाडाची होते आणि मग दास. शेन शब्दावर जे काय हसायचं ते हसून झालं पण पोरींना पटलं.

मला क्लास आवडला तो इथं. खेळ काय, सगळेच घेतात हो, यूट्यूबवर ढिगानं पडलेत. आधी एका ठिकाणी डेमोला गेलो होतो तिथं पण खेळच होते, पण सगळं इंग्लिशमधनं, आमचं येडं आधी इंग्लिशचं मराठी करणार मग मराठीचं जर्मन, तोवर खेळ संपलेला. ह्या ताई सरळ मराठीतनं जर्मनला उडी मारतात. त्स चा उच्चार, दहाचं च्सेन का त्सेन जे काय आहे ते, त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की चूल, चमचा, चांगला मधला च लावा, चहा-चिवड्यातला नको. झालं. डू आणि झी चं पण तसंच, आईला आजीला तू म्हणता ना तिथं डू, सरांना तुम्ही तिथं झी. आजीला पण तिकडं तूच म्हणतात हे ऐकून आमच्या सासूबाईंना फार बरं वाटलं.

आकडे ऐका. 21 ला जर्मन लोक म्हणतात आइन-उंड-त्स्वान्त्सिश, म्हणजे एक आणि वीस. आपलं एकवीस, दुसरं काय! इंग्लिश मीडियमची पोरं वीस आधी म्हणून चुकत होती आणि मराठीवाली पाच-सहा जणं धडाधड 35, 47, 68 सांगत होती, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना क्लासमध्ये भाव. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीसच्या जागी "वीस एक" दिलं त्यावरनं केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, तर जर्मनीत पण वीस आधी म्हणा असं सांगणारी एक संस्था आहे म्हणे आणि तिकडचे लोक पण ऐकत नाहीत. फक्त एकोणतीसला आपली गाडी अडते. त्यांचं नऊ आणि वीस, आपलं तिसातनं एक कमी. तिथं चिरंजीव दर वेळी एकोणचाळीस सांगून येतात.

आता घड्याळाचा किस्सा सांगायलाच पाहिजे. पहिल्या टर्मच्या शेवटी छोटा कार्यक्रम होता, ताईंनी पोरांच्या हातात चिठ्ठी दिली, रविवार आणि वेळ जर्मनमध्ये, हाल्ब फ्युन्फ, घरच्यांना तुम्हीच वाचून दाखवा म्हणून. हा म्हणाला साडेचार. नवरा म्हणाला हाल्ब म्हणजे हाफ, फ्युन्फ म्हणजे पाच, हाफ पास्ट फाइव्ह, साडेपाच. पोरगं रडकुंडीला आलं की बाबा नाही, पाचाला अर्धं कमी असतंय. सासूबाई आतनं म्हणाल्या, "आरं बरोबर हाय की त्याचं. अडीच म्हंजी तरी काय, तिसरं अर्धंच." कोण ऐकतंय, बाबा इंजिनियर. सव्वापाचला आम्ही नटूनथटून पोचलो तर ताई सतरंजी गुंडाळत होत्या. आमचं ध्यान नाटुकल्यात घड्याळ होणार होतं, घड्याळच! त्याच्याशिवायच नाटक झालं. परत येताना गाडीवर बापाशी एक शब्द बोललं नाही, शेवटी भडंगाच्या दोन पुड्यांवर मिटलं. (भडंग डेर का दास हे त्यानं नंतर ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या आपण ते भडंग म्हणतो ना, मग दासच धरू.) जरा समाधान एवढंच की जिन्यात आणखी दोन बाप भेटले, साडेपाचवालेच.

खेळातले दोन माझे आवडते. एक टोप्फश्लागेन, म्हणजे डोळ्यावर पट्टी, हातात लाकडी पळी, कुठंतरी पातेलं उपडं घातलेलं आणि त्याखाली राजगिऱ्याचा लाडू. बाकीच्यांनी लांब गेलं की काल्ट, जवळ आलं की हाइस ओरडायचं. एकदा एकाच्या पायावर पळी बसली, पण रडतानाही ते हाइस हाइस म्हणत होतं असं ऐकलं. दुसरा प्लुम्पझाक, हा तर डिट्टो आपलं मामाचं पत्र हरवलं, गोल बसायचं, मागं रुमाल टाकायचा. सासूबाई जिन्यातनं उठून आत जाऊन बसल्या त्या दिवशी. तिकडं 11 नोव्हेंबरला पोरं कागदी कंदील घेऊन फिरतात, इथं दिवाळीतले उरलेले आकाशकंदील काठीला बांधून बंगल्याला फेरी मारली, खर्च शून्य.

आता तक्रारी. मध्ये ताई त्यांच्या कुठल्याशा परीक्षेसाठी महिनाभर पुण्याला गेल्या आणि एक बदली सर आले. आल्या आल्या दोनशे पानी वही आणा, डेर डी दासचा तक्ता दहा वेळा लिहा. दुसऱ्याच शनिवारी आमच्याकडं पोटदुखी सुरू, बरोबर चार वाजता, साडेसहाला बरी. बॅचमधली तीन पोरं त्या महिन्यात सुटली ती परत आलीच नाहीत. फीमधनं रुपया कमी केला नाही, विचारलं तर शिकवणं चालू होतं ना म्हणाले. चालू होतं, हो.

दुसरं त्यांच्या पत्रकावर छापलंय "एका वर्षात ए-वन लेव्हल", म्हणजे जर्मनच्या परीक्षांची पहिली पायरी. ह्याला काही अर्थ नाही. गोएथे ह्या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची, म्हणजे पुण्यात मॅक्समुल्लर भवनवाल्यांची, पोरांसाठी ए-वनची वेगळी परीक्षा आहे, फिट इन डॉइच 1, पण ती दहा वर्षांच्या पुढच्यांना. आमच्याला बऱ्याच वस्तूंची नावं येतात, स्वतःबद्दल चार वाक्यं येतात, रविवारी झोपलेल्या बापाला फाउलटीअर म्हणजे आळशी प्राणी म्हणता येतं, पण साधी चिठ्ठी लिहायला सांगितली तर ब्रह्मांड आठवतं. आठव्या वर्षी एवढं मला भरपूर वाटतं, मग पत्रकावर कशाला थापा. ताईंना तोंडावर बोलले, त्या म्हणाल्या पत्रक मालकांनी छापलंय.

आणि घरी दाखवायला काही नसतं ह्याची तयारी ठेवा. काही आयांना वही लागते, लाल पेनाची सही लागते, त्यांची फार चुळबूळ चालू असते ग्रुपवर. ताई आठवड्याला एक व्हॉइस नोट टाकतात, मिनिटभराची, तेवढी जेवताना लावली की झालं. आमच्याकडं ती सासूबाईच न चुकता लावतात आणि ई म्हणत शिट्टीसारखे ओठ करून ते उ-ई मधलं ऊ काढायचा प्रयत्न करतात, त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं येतं.

पुढच्या जूनची यादी एप्रिलमध्ये करतात, फोन उचलत नाहीत, शनिवारी क्लास सुटताना जाऊन गाठा. जिना उभा आहे, आजी-आजोबा सोडायला येणार असतील तर बघून घ्या. आणि वेळ मात्र मराठीतनं विचारून घ्या.