कॉफी की चहा: मूत्रपिंड आणि रात्रीची झोप

कॉफी घ्यावी की चहा, हे लघवीच्या त्रासाकडे पाहून ठरवायचे असेल, तर या पेयांनी शरीर कोरडे पडते ही भीती आधीच बाजूला ठेवलेली बरी. कॅफिन मूत्रपिंडात अ‍ॅडिनोसिन या शरीरातील नैसर्गिक रसायनाच्या कामात आडवे येते, त्यामुळे सूक्ष्मनलिकांतून सोडियम कमी प्रमाणात परत शोषले जाते आणि त्याच्यासोबत थोडे पाणीही लघवीवाटे निघून जाते, हे खरे. परंतु हा परिणाम ठळकपणे दिसण्यासाठी एका वेळी साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन पोटात जावे लागते, आणि नियमित पिणाऱ्याला काही दिवसांतच त्याची सवय होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या बर्मिंगहॅम येथील अभ्यासात कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना काही दिवस रोज चार कप कॉफी आणि एरवी तेवढेच पाणी देण्यात आले, तेव्हा शरीरातील पाण्याच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. शरीर कोरडे पडण्याच्या मुद्द्यावर, त्यामुळे, दोन्ही पेये मला सारखीच निर्दोष वाटतात.

माझा निर्णय वेगळ्याच कटकटीने केला. संध्याकाळी सहाच्या कॉफीनंतर मला रात्री दोनच्या सुमारास हमखास उठावे लागे, आणि चीड आणणारी गोष्ट अशी की लघवी होई अगदी थोडी, पण घाई मात्र अशी की कूस बदलून दुर्लक्ष करणे शक्य होत नसे. कॅफिन मूत्राशयाच्या स्नायूलाही चेतवते आणि झोप सावध करते. शिवाय त्यातील निम्मे शरीराबाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात. एका कप गाळीव कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफिन असते, तर काळ्या चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्याच वेळी चहा घेऊ लागल्यावर माझे हे उठणे जवळजवळ थांबले. मी काही मोजमाप ठेवले नाही, आणि दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

चहाची एक बाजू मात्र झाकून ठेवणे योग्य नाही. त्यात कॉफीपेक्षा ऑक्झलेट जास्त असते, त्यामुळे ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होऊन गेले आहेत त्यांनी कडक चहाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कॅफिनमुक्त कॉफीही मी काही दिवस घेतली. झोप टिकली, पण चवीशी जमले नाही.

सकाळची कॉफी मी सोडलेली नाही. तेव्हा दोनदा उठावे लागले तरी झोप मोडण्याचा प्रश्न येत नाही.