ईपी पट्टा, दोन पावसाळ्यांनंतर: रबराइतकीच कापडाची पकड पाहा

आमच्या खडी क्रशरच्या मुख्य कन्व्हेयरवर ईपी ४०० (ताणशक्ती रुंदीच्या मिलिमीटरमागे ४०० न्यूटन), तीन प्लायचा म्हणजे रबरात बसवलेल्या कापडाच्या तीन थरांचा, एम-२४ ग्रेडच्या रबरी आवरणाचा पट्टा चालतो. याआधीचा पट्टा पहिल्याच पावसाळ्यात कडेने उकलला आणि पुरवठादाराने ‘माल जड पडतो’ एवढ्यावर भरपाई नाकारली. वरचे आवरण निम्म्याहून अधिक शाबूत असताना हे उत्तर मान्य करणे मला शक्य नव्हते. सुटलेली प्लाय ओढली, तर रबर न फाटता कापड जवळजवळ कोरे निघाले. पकड चांगली असती, तर सोलताना रबरच फाटून त्याचा थर दोन्ही बाजूंना राहिला असता.

ईपी कापडात उभा धागा पॉलिएस्टरचा आणि आडवा नायलॉनचा असतो. नायलॉनला रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड-लॅटेक्सचा एकच डिप, म्हणजे द्रावणात बुडवून दिलेला लेप, पुरतो; ड्यूपाँच्या १९३८ च्या पेटंटपासून चालत आलेल्या या पद्धतीत रेझिन धाग्याला धरते आणि लॅटेक्स व्हल्कनायझिंगमध्ये, म्हणजे रबर उष्णतेने पक्के करताना, गंधकाच्या बंधांनी रबराशी जोडले जाते. पॉलिएस्टरच्या पृष्ठभागावर मात्र रेझिनला धरण्याजोग्या रासायनिक जागा फारच थोड्या असतात. त्यामुळे त्याला इपॉक्सी किंवा ब्लॉक्ड आयसोसायनेट (तापवल्यावरच क्रियाशील होणारे रसायन) यांची जोड द्यावी लागते, आणि कापड २०० अंश सेल्सिअसच्या वर नीट भाजले गेले तरच तिचा उपयोग होतो. या कामात केलेली काटकसर नव्या पट्ट्याकडे पाहून अजिबात ओळखू येत नाही, आणि माझा खरा राग त्यावरच आहे.

सध्याचा पट्टा मीटरमागे बराच महाग पडला आणि बिल देताना ती वाढ मला अनाठायी वाटली होती. हॉट जॉइंटच्या वेळी, म्हणजे पट्ट्याची टोके उष्णता आणि दाबाने जोडताना, मत बदलले: प्लाय सोलताना कारागिरांचा घाम निघाला आणि सोललेल्या कापडावर सर्वत्र रबर चिकटून होते. दोन पावसाळे झाले, कडा अजून बंद आहेत. वरचे आवरण मात्र जुन्या पट्ट्यापेक्षा लवकर झिजते आहे, हे नमूद करायलाच हवे. तरीही झीज डोळ्यांना दिसते आणि बदलीची तयारी करता येते, तर प्लाय सुटली की काम त्याच दिवशी थांबते.

पुढच्या खरेदीत मी ताणशक्तीच्या आकड्यासोबत प्लायमधील पकडीचा आकडा, न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये, लेखी मागणार आहे आणि पैसे देण्यापूर्वी नमुन्याची एक पट्टी माझ्यासमोर सोलून घेणार आहे.