म्हापशातला डिझाइन एन्ट्रन्सचा क्लास: लावावा का?

लेक बारावीला आहे, डिझाइनलाच जायचं म्हणते, म्हणून डिचोलीहून म्हापशाला क्लास लावला. ओळखीतले बरेच पालक विचारतात म्हणून लिहितेय. तक्रारही आहे, त्यामुळे क्लासचं नाव टाकत नाही.

शिकवणं खरंच छान आहे. सुरुवातीला गुळगुळीत शेडिंग वगैरे काही नाही, सर सुट्टीत मुलांना शुक्रवारच्या बाजारात नेऊन बसवतात आणि समोर दिसेल ते पटापट काढायला लावतात, मयड्याच्या केळ्यांचे घड, मिरच्यांच्या राशी, डोक्यावर पाटी घेऊन गर्दीतून वाट काढणाऱ्या बायका, आणि सगळं पेनने, रबर काढायचाच नाही. लेकीने अशीच एक बाई काढली होती पण पाटीला वजनच वाटेना. सरांनी तिच्या कागदाला हात लावला नाही, बाजूला दुसरा कागद घेऊन दाखवलं की डोक्यावर ओझं असलं की मान ताठ होते, पाटीचा मध्य पायांच्या बरोबर वर येतो आणि हलते ती कंबर. मग म्हणाले, आता परत काढ. तिची दुसरी बाई बघून मला इतकं बरं वाटलं!

एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्रवेश परीक्षेत मेन्समध्ये, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, हाताने वस्तू बनवायला लावतात, त्याच्या सरावासाठी क्लासमध्ये तार, पुठ्ठा, माती, अगदी माडाचे हीरसुद्धा देतात. हे घरी जमलं नसतं.

आता तक्रार. यूसीड म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांमधल्या डिझाइनच्या डिग्रीची प्रवेश परीक्षा. तिचा पार्ट ए कॉम्प्युटरवर असतो, ठोकळे मनातल्या मनात फिरवा, आकृतीतला पुढचा पॅटर्न ओळखा असलं सगळं, आणि त्यात शॉर्टलिस्ट झालात तरच तुमचा हाताने काढलेला पार्ट बी तपासतात. म्हणजे ड्रॉइंग कितीही भारी असलं तरी पार्ट ए गेला की कागद कोणी बघणार नाही. आणि त्याचीच तयारी इथे अगदी कमी, मॉक टेस्ट दोनदा पुढे ढकलली, सांगूनही फरक नाही. आम्ही जुने पेपर आयआयटी बॉम्बेच्या यूसीडच्या साइटवरून घेऊन घरीच सोडवतोय.

अजून एक आवडलं. आमच्याकडे आजोबांचा धोशा होता की चित्रं काढून पोट भरणार का, तर सरांनी आम्हा सगळ्यांना बसवून नीट सांगितलं की पेंटिंग वेगळं, अप्लाइड आर्ट वेगळं, प्रॉडक्ट डिझाइन अजून वेगळं, कामंही वेगवेगळी. पेंटिंगचीच ओढ असेल तर डिझाइनच्या मागे कशाला धावता, पणजीत आल्तिनोला गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, 1972 पासूनचं, चार वर्षांचं बीएफए (कलेची डिग्री) करता येतं, चित्रकार लक्ष्मण पै तिथे प्रिन्सिपल होते. स्वतःच्या क्लासची फी बुडेल तरी असं सांगणारा माणूस मला पटला.

फी हप्त्याने घेतात, कागद-रंग आपले. संध्याकाळची बॅच लांबते, डिचोली-साखळीकडच्यांनी परतीच्या बसचं आधी बघा, नाहीतर सरळ रविवारची बॅच घ्या.