बोल्टची डोकी जागेवर होती, मागे नट नव्हते

माझा ट्रक पंचवीस वर्षांहून जुना आहे. त्याच्या इंजिनाविषयी माझी काही तक्रार नाही. पण पुढची दोन्ही मडगार्ड, केबिनच्या खालचे बाजूचे पत्रे आणि पायरीवरचे आवरण यांना धरून ठेवणारे चौदा बोल्ट एकेक करून नाहीसे झाले होते. अशा गाडीत बोल्ट हरवणे ही तशी किरकोळ गोष्ट, कारण नवा बोल्ट कुठेही मिळतो. खरी अडचण पत्र्याच्या मागे असते. कारखान्यात तिथे वेल्ड करून बसवलेला नट गंजून सुटतो, बोल्टबरोबर गरगर फिरू लागतो आणि शेवटी बंद पोकळीत पडतो, जिथे हातही पोहोचत नाही आणि पानाही जात नाही.

हे काम वेल्डिंगने करायचे नाही, असे मी आधीच ठरवले होते आणि त्याला कारणे होती. बाहेरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा आणि गंजाने आणखी पातळ झालेला असल्यामुळे त्याला आच लागली की भोक पडते. ते निभावले तरी आतल्या बाजूचा रंग जळतो आणि जिथे पुन्हा रंग लावता येत नाही नेमक्या त्या जागी गंज सुरू होतो. शिवाय एका पत्र्याच्या मागून वायरिंगची जाड जुडी जाते आणि इंधनाची टाकीही फार दूर नाही. म्हणून मी मिस्त्रीला स्पष्ट सांगितले की, वेल्डिंग नको, प्रत्येक जागी पोलादी रिव्हेट नट बसवा, आणि जिथे भोक पत्र्याच्या काठाजवळ आहे तिथे यू-क्लिप, म्हणजे काठावरून सरकवायची आटे असलेली यू आकाराची पोलादी पट्टी, सरकवा. त्याने ते मान्य केले आणि चौदाही जागांचे पैसे आगाऊ घेतले.

रिव्हेट नट म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी. ती बाहेरून भोकात घालतात, तिची कॉलर पत्र्यावर टेकते आणि हत्याराने ओढल्यावर नळीचा मागचा भाग चेपून फुगतो व पत्रा दोन्हीकडून पकडला जातो. मागे हात जाण्याची गरज नसते, हेच तिचे महत्त्व. पण तिची सगळी पकड भोकाच्या मापावर अवलंबून असते. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी सामान्यतः ९ मिलिमीटरचे भोक लागते. ते अर्धा मिलिमीटर जरी मोठे झाले तरी नळी नीट घट्ट होत नाही आणि बोल्ट आवळताना फिरू लागते. त्याचप्रमाणे प्रत्येक नट किती जाडीच्या पत्र्यासाठी आहे हे ठरलेले असते, आणि ते न पाहता बसवला तर तो फुगतो पण पकडत नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा चौदा जागी चौदा बोल्टची डोकी एका ओळीत दिसत होती आणि त्यांच्यावर पत्र्याच्याच रंगाचा ताजा हात फिरवलेला होता. एक बोल्ट सोडवून पाहावा म्हणून मी पाना घेतला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “साहेब, आता उघडू नका, रंग फुटेल, पंधरा दिवस जाऊ द्या.” मी ते ऐकले. या संपूर्ण व्यवहारात माझी सर्वांत मोठी चूक हीच होती आणि तिच्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे. नट आवळण्याआधी रंग द्यायचा असतो. आवळलेल्या बोल्टवर वरून रंग मारून त्याला हात लावू नका असे कोणी सांगत असेल, तर तो पत्रा त्याच्याच समोर उघडून पाहिला पाहिजे.

तीन आठवड्यांनी खडबडीत रस्त्यावर डाव्या मडगार्डचा थडथड आवाज येऊ लागला आणि मी सगळे बोल्ट एकेक करून सोडवायला बसलो.

तीन जागी रिव्हेट नट खरोखरच होते, पण ते पोलादी नसून ॲल्युमिनियमचे होते आणि कानशीने ओबडधोबड मोठ्या केलेल्या भोकांत बसवलेले होते. बोल्ट फिरवला की नटही फिरत होता. पोलादी पत्र्याला ॲल्युमिनियम टेकून राहिले आणि तिथे रस्त्यावरचे पाणी साचले, तर आधी ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणजे उरलीसुरली पकडही जाणार होती. सहा जागी नट नव्हताच; जाड आट्यांचे स्वतः भोक पाडत जाणारे लांब स्क्रू थेट पत्र्यात घुसवले होते आणि त्यांच्या टोप्या मूळ बोल्टसारख्याच षट्कोनी होत्या. त्यांपैकी एकाचे टोक वायरिंगच्या जुडीवरच्या प्लास्टिकच्या नळीला टेकून तिच्यावर ओरखडे पाडत होते. ती वायर उघडी पडली असती तर काय झाले असते, हा विचार मी आजही सहज बाजूला सारू शकत नाही.

त्यानंतरच्या तीन जागी बोल्टची केवळ डोकीच होती. दांडा कापून टाकलेला आणि डोके दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या पुट्टीने पत्र्यावर चिकटवलेले. पाना लावताच ते माझ्या हातात आले आणि खाली नुसते रिकामे भोक दिसले. उरलेल्या दोन जागी, मी स्पष्ट नको म्हटले असतानाही, वेल्डिंग केलेले होते. आतल्या बाजूला लहान आरसा आणि टॉर्च धरून पाहिले तेव्हा जळलेल्या रंगाचे काळे वलय आणि त्याच्या कडेला तांबूस गंज दिसला. ट्रकच्या बॅटरीच्या तारा न सोडता वेल्डिंग केले असेल तर अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, धोका होता, आणि त्या सोडल्या होत्या का, या प्रश्नाला मला सरळ उत्तर मिळाले नाही.

एका गोष्टीचा उल्लेख वेगळा केला पाहिजे, कारण ती सहसा लक्षात येत नाही. मडगार्डच्या दोन जुन्या जागी मूळचे आटे इंची मापाचे, पाव इंचाचे होते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि तिथे ६ मिलिमीटरचा बोल्ट सहज शिरतो. पण या मापाच्या नेहमीच्या इंची बोल्टवर एका इंचात २० आटे असतात, तर ६ मिलिमीटरच्या बोल्टवर दर मिलिमीटरला एक. म्हणून तो बोल्ट दोन-तीन फेरे पकडल्यासारखा वाटतो आणि मग आटे खातो. मिस्त्रीने आधी असे बोल्ट जबरदस्तीने घुसवून उरलेले चांगले आटेही घालवले आणि मग ते झाकण्यासाठी वर पुट्टीने डोकी चिकटवली, असे त्या भोकांच्या आतल्या खुणांवरून मला दिसले.

मी कापलेली डोकी आणि स्क्रू घेऊन त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, जुन्या गाडीला याहून जास्त काही होत नाही.” हे खरे नाही, आणि ज्यांच्याकडे जुनी वाहने आहेत त्यांनी हे वाक्य कधीही मान्य करू नये. पैसे त्याने परत केले नाहीत. बिलावर फक्त ‘बॉडी फिटिंग’ असे लिहिलेले असल्यामुळे माझ्यापाशी दाखवायलाही काही नव्हते. तेथे ‘पोलादी रिव्हेट नट, चौदा नग, वेल्डिंग नाही’ असे शब्द लिहून घेतले असते, तर माझी बाजू नक्कीच भक्कम राहिली असती.

पुढचे काम मी स्वतः केले आणि ते वेल्डिंगशिवाय झाले. फिरणारे ॲल्युमिनियमचे नट कॉलर पकडीत धरून ड्रिलने काढले. मागचे तुकडे पोकळीत पडले आणि चुंबकाला चिकटत नसल्याने तारेच्या आकड्याने बाहेर ओढावे लागले. जिथे भोक अजून मापात होते तिथे कडेचा बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली धारदार कड, कानशीने काढून, उघड्या धातूला जस्तयुक्त प्रायमर लावून, अंगावर खाचा असलेले पोलादी रिव्हेट नट बसवले. काठाजवळच्या पाच भोकांवर यू-क्लिप सरकवल्या, आणि माझ्या मते शक्य असेल तिथे हाच उपाय सर्वांत चांगला, कारण क्लिप थोडी हलते, पत्रा जुळवून घेता येतो आणि पुढे बिघडली तर हाताने बदलता येते. ज्या भोकांची कड फाटून ती फार मोठी झाली होती, तिथे नट आधीच पक्का केलेली छोटी पोलादी पट्टी आतून टेकवली आणि दोन बारीक पॉप रिव्हेटांनी अडकवली. दोन ठिकाणी पकडल्यामुळे ती पट्टी फिरूच शकत नाही.

बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ हा मजबुतीची प्रत दाखवणारा आकडा पाहून घेतले. लावताना आधी सगळे बोल्ट हाताने चार-पाच फेरे चढवले, पत्र्यांमधली फट सारखी केली आणि त्यानंतरच पान्याने आवळले. ६ मिलिमीटरच्या अशा बोल्टला पक्क्या नटात सुमारे १० न्यूटन मीटर इतकी आवळणी चालते, पण पातळ पत्र्यातल्या रिव्हेट नटाला मी तितका जोर दिला नाही.

वेल्ड केलेल्या दोन जागा मात्र अजून तशाच आहेत. आतला गंज जिथपर्यंत पोहोचता आले तिथपर्यंत खरवडून लांब नळीने पोकळीत मेणाचा फवारा मारला आहे, आणि पावसानंतर दर वेळी आरसा घेऊन तो डाग वाढला आहे का ते पाहत असतो.