दीडशे डॉलरचं मॅगझिन आणि त्याला जोडलेली रायफल

ही शिकारीची रायफल घेऊन सात महिने झाले. त्यांतले निदान पाच महिने मी हिच्यावर खूश होतो. मग ऑक्टोबरच्या एका शनिवारी इथे न्यूझीलंडमध्ये तारारुआच्या डोंगररानात, वायोहिने नदीच्या अंगाला, साठेक मीटरवर एक लाल हरिणी माझ्याकडे पाठ करून चरत उभी होती. पाच तासांच्या चालीनंतर पहिल्यांदाच काही दिसलं होतं. गुडघा टेकला आणि बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, पुढे सारला. काडतूस वर उचललं जाताना हाताला एक बारीकसा अडखळा जाणवतो, तो जाणवलाच नाही. खाली पाहिलं तर मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या सुट्या डबीच्या, जागी चौकोनी भोक. तीन काडतुसांसकट मॅगझिन मागे कुठेतरी गळून पडलं होतं. हरिणीने मान वळवली, मला नीट बघून घेतलं आणि सावकाश निघून गेली. पळालीसुद्धा नाही, हे जास्त लागलं.

त्या वाटेवर दोन तास ओणवा होऊन शोधलं. पोंगा नेच्यांचा पाचोळा गुडघाभर, सप्लजॅकच्या काळ्या वेलींची जाळी, आणि मॅगझिन काळ्या प्लास्टिकचं. मिळालं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. बोल्ट-अ‍ॅक्शन, .३०८, वीस इंची स्टेनलेस नळी, सिंथेटिक दस्ता, सुटं होणारं तीन काडतुसांचं मॅगझिन. या वर्णनात बसणाऱ्या डझनभर रायफली दुकानात एका रांगेत उभ्या असतात, तुम्हाला माहीत आहेच.

आधी कॅलिबरचं, म्हणजे काडतुसाच्या मापाचं, सांगून मोकळा होतो, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. मी तीन महिने एक्सेल शीट घेऊन बसलो होतो. एका रकान्यात १९५२ सालची .३०८, दुसऱ्यात २००७ ची ६.५ क्रीडमोर, तिसऱ्यात .२४३, खाली वेग, ऊर्जा, वाऱ्याने होणारा सरक. बायको म्हणाली, "लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली नव्हतीस." शेवटी .३०८ घेतली. एकच कारण, तिची काडतुसं खेड्यातल्या शेतीसामानाच्या दुकानातही मिळतात आणि त्यांत स्वस्त माल असतो. तारारुआच्या झाडीत सत्तर मीटरपलीकडचं जनावर दिसतच नाही. तेवढ्या अंतरात तिन्हींच्या गोळ्या सारख्याच सरळ जातात. ते शीट आता पुसून टाकलंय.

पुढच्या वर्षी दक्षिण बेटावर ताहरसाठी जायचं चाललंय. ताहर म्हणजे आपल्या हिमालयातलीच रानबकरी. १९०४ साली एका इंग्रज ड्यूकने भेट म्हणून पाठवली आणि ती आओराकी (माउंट कुक) पर्वताच्या कड्यांवर इतकी माजली की आता सरकारच मारायला सांगतं. तिथे अडीचशे-तीनशे मीटरवरून, वाऱ्यात नेम धरावा लागतो. तेव्हा ६.५ वाल्यांची माफी मागायची वेळ आली तर मागेन.

आता पुन्हा मॅगझिन.

सोमवारी दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने "अशी तक्रार कधी आली नाही" हे वाक्य तीन वेळा ऐकवलं. नवीन मॅगझिन १४९ डॉलर. प्लास्टिकची डबी, आत एक स्प्रिंग, एवढ्याचे १४९! मी १९९३ च्या ग्राहक हमी कायद्याचं नाव काढलं. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला की हरवलेल्या वस्तूला हमी नसते, सदोष वस्तू आणून दाखवा. सदोष वस्तू नेच्यांखाली पडली आहे, ती कशी दाखवू? तीन आठवडे ईमेल चालले, फोटो पाठवले, मॅगझिन सोडवणाऱ्या खटक्याचा व्हिडिओ पाठवला. शेवटी दहा टक्के सूट मिळाली, ती मी घेतली. अपमान गिळून पंधरा डॉलर वाचवले.

माझं म्हणणं साधं होतं. खटका मॅगझिनच्या पुढे आहे आणि दस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल आहे. तो दोन मिलिमीटर आत असता तर चुकून दाबला गेला नसता. ज्याने हा भाग आखला तो माणूस पाठपिशवी लावून कधी ओढ्यात उतरला नसणार. इथवर लिहून हा लेख मी पंधरा दिवसांपूर्वी पूर्ण केला होता, आणि शेवटी "घेऊ नका" असं ठणकावलं होतं.

मग एका रविवारी काय मनात आलं कोण जाणे. बोल्ट काढून कपाटात ठेवला, पाठपिशवीत तांदळाची पिशवी भरली, कंबरपट्टा आवळला, रायफल नेहमीसारखी पोटावर आडवी टांगली आणि दिवाणखान्यात फेऱ्या मारायला लागलो. सोफ्यावर चढायचं, उतरायचं, ओढा ओलांडल्यासारखं वाकायचं. चौदाव्या की पंधराव्या वेळी 'खट्' झालं आणि मॅगझिन गालिच्यावर. कंबरपट्ट्याचं बक्कल बरोबर खटक्यावर येत होतं. माझी उंची, माझा पट्टा, माझीच टांगायची पद्धत. ज्याने मला शिकार शिकवली तो ऑफिसातला सहकारी रायफल खांद्यावर पाठीमागे टांगतो. त्याच्याकडे याच मॉडेलची जुनी आवृत्ती आहे आणि सहा वर्षांत एकदाही हे झालेलं नाही. मी पोटावर टांगतो ते माझ्या सोयीसाठी, सप्लजॅकमधून जाताना नळी अडकू नये म्हणून.

तेव्हा "घेऊ नका" मागे घेतो. पण खटका आत हवा होता, हे मागे घेत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. सिंथेटिक दस्ता मला दिसायला आवडत नव्हता. मनात अक्रोडाचाच होता. लहानपणी संगमेश्वराकडे शेजारच्या काकांच्या माडीवर ठासणीची बंदूक टांगलेली असायची, तिचं लाकूड डोळ्यांसमोर होतं. (तिला हात लावायची परवानगी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचा उपयोग भिंत सजवण्यापुरताच उरला होता, असं काका म्हणायचे आणि विषय बदलायचे.) तारारुआत तीन दिवस सलग पाऊस खाल्ल्यावर लाकडाचा मोह गेला. एक मात्र आहे, हा दस्ता आतून पोकळ असल्यामुळे फांदी घासली की डबा खरवडल्यासारखा आवाज होतो. आत फोम भरून घेतला. खर्च सात डॉलर.

स्टेनलेसलाही गंज चढतो, हे कुणी सांगत नाही. सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाशी लावायचं आवाज दाबणारं नळकांडं, नळीवर तसाच ठेवून दिला तर त्याच्या आट्यांत ओल धरते. दुसऱ्याच महिन्यात तिथे तांबूस ठिपके दिसले. आता घरी आल्यावर आधी सप्रेसर काढायचा, मग बूट. इथे सप्रेसर सर्रास वापरतात, धक्का कमी होतो आणि कान वाचतात. पण त्याने लांबी वाढते, आणि वीस इंची आखूड नळी घेतल्याचा फायदा अर्धा तिथेच जातो.

स्कोपमध्ये, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीत, मी चूक केली. ४ ते १६ पट मोठं दाखवणारा, पन्नास मिलिमीटर भिंगाचा घेतला होता. झाडीत त्यातून नुसती पानं दिसायची, प्रत्येक पानाच्या शिरा मोजता येतील अशी. दोनशे डॉलर तोटा खाऊन विकला आणि साधा ३ ते ९ पटीचा घेतला. तो कायम तिनावरच असतो. शंभर मीटरवर चार-पाच सेंटिमीटर वर लागेल असा बसवलाय, दोनशेपर्यंत विचार करावा लागत नाही. स्कोप, सप्रेसर, पट्टा, काडतुसं धरून वजन चार किलोच्या जरा वर. सकाळी सातला ते काहीच वाटत नाही. दुपारी तीनला, लेदरवुडच्या झुडपांतून रांगताना, प्रत्येक ग्रॅमला शिव्या बसतात. सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, मात्र उत्तम. अंगठ्याने दाबून हळूच सरकवली तर आवाज होत नाही, जनावर कान टवकारत नाही.

सात महिन्यांत दोन जनावरं मिळाली, एक मादी आणि एक कोवळ्या शिंगांचा नर. हाडं काढून घरी आलं ३८ किलो मटण. रायफल १,८५०, स्कोप ६२०, सप्रेसर ४८०, स्कोपच्या कड्या आणि पट्टा १५०, आणि ते दुसरं मॅगझिन १३४. किलोला पंच्याऐंशी डॉलर पडले. जुन्या स्कोपवरचा तोटा आणि परवान्याची फी यात धरलीच नाही. याच्या चतुर्थांश भावात बाजारात कोकराचं मटण मिळतं, हे घरात दर आठवड्याला ऐकतो. मालवणी मसाल्यातली मांडी पानात पडली की तेवढ्यापुरतं ऐकू येत नाही.

मॅगझिनचा बंदोबस्त असा केलाय. मुलाच्या जुन्या सायकलची ट्यूब, दोन बोटं रुंदीचा तुकडा कापून, दस्त्यावरून खटक्याला झाकेल अशी चढवली. चाप आणि बोल्ट मोकळे राहतात. मॅगझिन काढायचं असेल तर ट्यूब पुढे सरकवायची. आठ वेळा रानात जाऊन आलो, हललेलं नाही. ट्यूबच्या उरलेल्या भागातून अजून सहा तुकडे निघाले आहेत. वेलिंग्टनात कुणाला हवा असेल तर घेऊन जा.